सीमाभागातल्या मुस्लिम मोहल्ल्यांसाठी: मतदार यादीपासून वॉर्ड सभेपर्यंतची कामं, क्रमाने

२०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या सुमारे ११ टक्के आहे. ती एका जागी नाही. बेळगाव शहरात दरबार गल्ली, अझमनगर, उज्ज्वलनगर, वीरभद्रनगर अशी दाट वस्ती आहे. निपाणी, संकेश्वर, गोकाक, अथणी, खानापूर इथे दोन-तीन गल्ल्या आहेत, आणि खेड्यांत दहा-वीस घरं. जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हा समाज एकट्याच्या बळावर काही ठरवू शकत नाही. म्हणून दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: प्रत्येकाचं नाव यादीत असणं, आणि शेजारच्या गल्लीशी आपलं काम जोडलेलं असणं.

नेहमी घडतं ते असं. उमेदवार जाहीर झाले की मोहल्ल्यात बैठका सुरू होतात, कुणाला पाठिंबा द्यायचा यावर रात्री जागतात. तोवर यादीचं दार जवळजवळ बंद झालेलं असतं. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नवं नाव चढत नाही, आणि अर्जावर आक्षेपासाठी सात दिवस ठेवावे लागत असल्याने खरी मुदत त्याच्याही आठ-दहा दिवस आधी संपते. मग मतदानाच्या सकाळी घरातल्या दोन सुना आणि पुण्याहून आलेला मुलगा केंद्रावरून परत येतात. हा लेख त्या सकाळच्या वर्षभर आधी काय करायचं याबद्दल आहे. ज्यांनी असं काम पूर्वी केलेलं नाही त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

१. आधी कायद्याची रेषा समजून घ्या

हे काम मशिदीत किंवा दर्ग्याच्या आवारात करू नका. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९८८ चा केंद्रीय कायदा आहे. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू दिली तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे भुर्दंड बसतो तो मुतवल्लीला (वक्फ मिळकतीच्या व्यवस्थापकाला) आणि जमातीच्या पंचांना. आचारसंहिता लागल्यावर प्रार्थनास्थळातून प्रचार करायला वेगळी बंदी आहेच.

यादीत नाव घालायला मदत करणं हे कुठल्या पक्षाचं काम नाही, पण त्याच टेबलावर कुणीतरी पक्षाचं पत्रक ठेवतं आणि फोटो निघतो. शादी महल, शाळेचा हॉल, तरुण मंडळाची खोली, नाहीतर एखाद्याच्या घराचा ओटा वापरा. जुम्याच्या नमाजनंतर 'रविवारी शाळेत यादी तपासायला या' एवढंच बाहेर दारात तोंडी सांगणं पुरे.

दुसरी रेषा धर्माच्या नावाने मत मागण्याची. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(३) नुसार तो भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, त्याचा अर्थ आणखी रुंद केला: उमेदवाराचा धर्म असो वा मतदाराचा, दोन्हींच्या नावाने केलेलं आवाहन त्यात येतं. 'आपल्या माणसाला मत द्या' असा व्हॉट्सॲप संदेश उमेदवाराच्या संमतीने फिरला तर अडचणीत तोच उमेदवार येतो. समाजाच्या शाळेबद्दल, दफनभूमीच्या रस्त्याबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल बोलायला पूर्ण मोकळीक आहे. मागणी ठेवा, धर्माची हाक देऊ नका.

२. मोहल्ला नको, बूथ धरा

कामाचं माप म्हणजे यादीचा भाग, म्हणजेच एक मतदान केंद्र. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवायचे असं आता केंद्रीय निवडणूक आयोगाचं धोरण आहे. त्या १,२०० मध्ये तुमच्या गल्लीची ३०० नावं असतील, बाकी मराठा, लिंगायत, जैन, दलित घरं असतील. काम सगळ्या १,२०० चं करा. फक्त आपल्या घरांची यादी घेऊन फिरणारं पथक दोन दिवसांत संशयाचं धनी होतं. याउलट पलीकडच्या गल्लीतल्या आजीचं नाव तुमच्या पोराने चढवून दिलं, तर वॉर्ड सभेत तुमच्या गटाराच्या मागणीला तिच्या घरातूनही हात वर होतो. सीमाभागात भाषेवरून आधीच पुरेशा भिंती आहेत. यादीचं काम त्या भिंतींपलीकडे जाऊ शकतं, कारण गळालेलं नाव मराठी, कन्नड, उर्दू असं बघून गळत नाही.

एका बूथला पाच ते सात माणसं लागतात. त्यांत निदान तीन बायका हव्यात. त्यांच्याशिवाय घरातली खरी माहिती मिळत नाही. एक जण कन्नड वाचणारा-लिहिणारा हवाच, कारण अधिकाऱ्यांकडचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो. घरी दखनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी इथली रीत आहे, तेव्हा या तिन्ही भाषा पथकात असू द्या.

जवळ ठेवायची सामग्री अशी:

- त्या भागाची ताजी अंतिम यादी आणि तिच्या पुरवण्या, छापील
- दोनशे पानी वही, घर क्रमांकानुसार, एका घराला अर्धं पान
- पेन्सिल आणि लाल पेन
- फॉर्म ६, ७ आणि ८ च्या कोऱ्या प्रती
- आयोगाचं मतदार ॲप असलेले दोन फोन
- बीएलओचं, म्हणजे त्या बूथच्या यादीचं काम बघणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचं, नाव आणि नंबर (१९५० या हेल्पलाइन नंबरवर विचारलं की मिळतो)

लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स पथकाकडे साठवू नका. फॉर्म भरून झाला की कागद मालकाच्या हातात परत द्या. आधारच्या प्रतींचा गठ्ठा एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी पडून राहणं धोक्याचं आहे, आणि त्यामुळे लोकांचा विश्वासही उडतो.

३. यादी वाचायची कशी

यादीच्या एका पानावर ३० चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा नंबर, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. चौकटीवर आडवा 'डिलीटेड' शिक्का असेल तर नाव कमी झालेलं आहे, आणि अनुक्रमांकाजवळच्या इंग्रजी अक्षरावरून कारण कळतं: 'ई' म्हणजे मृत, 'एस' म्हणजे स्थलांतरित, 'आर' म्हणजे दुबार, 'एम' म्हणजे सापडले नाहीत, 'क्यू' म्हणजे अपात्र. पुरवणी याद्या शेवटी जोडलेल्या असतात. पुष्कळ जण मुख्य यादी बघून घरी जातात आणि पुरवणीत कापलेलं नाव त्यांच्या नजरेतून सुटतं.

घरोघर जाताना यादीतून घराकडे जाऊ नका, घरातून यादीकडे या. 'यादीत ही पाच नावं आहेत, बरोबर?' असं विचारलं की माणूस मान डोलावतो. त्याऐवजी 'या घरात अठरा वर्षांवरचं कोण कोण राहतं?' असं विचारा, सगळ्यांची नावं वहीत घ्या आणि मग यादी उघडा. उदाहरणार्थ, घर क्रमांक ११४. यादीत चार नावं आहेत: घरमालक, त्याची बायको, थोरला मुलगा आणि लग्न होऊन मिरजेला गेलेली मुलगी. प्रत्यक्षात घरात सहा मतदार आहेत. दोन सुना आणि एकोणीस वर्षांचा धाकटा यादीत नाहीत, आणि मुलगी असायला नको ती आहे. एका घरात चार कामं निघाली. सुनांची नावं माहेरच्या यादीत आहेत का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण त्यावर कोणता फॉर्म लागणार हे ठरतं.

पेन्सिलीने खुणा करा: बरोबर असेल तर टिक, 'मृ' मृत, 'स्थ' स्थलांतर, 'दु' दुबार, 'चू' चूक. नाव नसेल तर लाल पेनाने वहीत. दिवसाला २५ ते ३० घरं होतात. त्याहून जास्त झाली तर घाई झाली असं समजा.

नावांच्या चुका इथे का होतात तेही सांगायला हवं. दाखला उर्दू शाळेचा, आधार इंग्रजीत, यादी कन्नडमध्ये. 'झैनब' कधी 'जैनब' होते, 'शेख'चं 'शेक' होतं, 'खुर्शीदबी मकानदार' दुसऱ्या कागदावर नुसती 'खुर्शीद' असते. 'बी', 'बानू', 'बेगम' हे शेपूट एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये इंग्रजी नाव टाकलं की कन्नड नाव आपोआप उमटतं आणि चूक बहुतेक तिथेच होते. कन्नड येणाऱ्या माणसाने ती ओळ वाचल्याशिवाय अर्ज पुढे पाठवू नका.

तरीही स्पेलिंगमागे सगळी शक्ती घालवू नका. ओळख पटत असेल तर किरकोळ अक्षरचुकीवरून मतदान नाकारायचं नाही, अशा आयोगाच्या सूचना आहेत. कामाचा क्रम असा ठेवा: आधी गायब नावं, मग चुकीच्या भागात पडलेली कुटुंबं, मग चुकीचा फोटो किंवा वय, आणि वेळ उरला तर अक्षरं.

४. कोणता फॉर्म कशाला

फॉर्म ६: पहिल्यांदाच नाव नोंदवताना. वर्षात चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या वर्गात जाऊन हे सांगितलं तर एका दिवसात शंभर अर्ज निघतात, आणि त्यांत मुलींचे अर्ज वेळेत होतात. लग्नानंतर त्यांचा अर्ज कुणी करायचा यावर दोन्ही घरं गप्प बसतात.

वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र यांपैकी एक. पत्त्यासाठी आधार, बँक पासबुक, वीज-पाण्याचं किंवा गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार असं काही. घर स्वतःच्या नावावर असण्याची अट नाही. कायदा बघतो ते माणूस नेहमी राहतो कुठे. कागद नसेल तर बीएलओने घरी येऊन खात्री करायची असते.

फॉर्म ८: पत्ता बदलला, चूक दुरुस्त करायची आहे, कार्ड हरवलं आहे, अपंगत्वाची नोंद करायची आहे. मिरज, गडहिंग्लज, इचलकरंजीहून लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव तिकडे असेल तर तिच्यासाठी हाच फॉर्म, सहा नंबरचा नाही. सहा नंबरच्या फॉर्मवर 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सीमाभागात हा सापळा मोठा आहे. निपाणी, कागवाड पट्ट्यात एक पाय महाराष्ट्रात असलेली अनेक कुटुंबं आहेत, सगळ्या समाजांची. दोन्हीकडे नाव ठेवणं सोयीचं वाटतं, पण ते बेकायदा आहे आणि उद्या कुणी आक्षेप घेतला तर दोन्हीकडचं नाव धोक्यात येतं. मिरजेत घर आहे म्हणून तिथला मतदार होता येत नाही. जिथे चूल आहे तिथलं एक नाव ठेवा.

गोव्यात किंवा पुण्यात कामाला गेलेला, सणाला परत येणारा आणि घर इथेच असलेला माणूस तात्पुरता बाहेर असल्याने मतदार म्हणून बाद होत नाही. घरच्यांनी बीएलओला 'तो इथे नसतो' एवढंच सांगितलं की नावापुढे 'स्थलांतरित' लागतं. काय सांगायचं हे घरच्यांना नीट समजावून द्या. आखाती देशांत असलेल्यांसाठी फॉर्म ६अ आहे. त्याला पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती लागतात, मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं.

आणि एक नेहमीची चूक: शिबिरात भरलेले दोनशे फॉर्म एका गठ्ठ्यात घेऊन जमातीचे अध्यक्ष तहसीलदार कचेरीत जातात आणि ते परत येतात. संस्थेने किंवा एका माणसाने गठ्ठ्याने दिलेले अर्ज घ्यायचे नाहीत असा नियम आहे. मान्यताप्राप्त पक्षाने नेमलेला बूथ एजंट बीएलओकडे अर्ज देऊ शकतो, पण सर्वसाधारण नियमाने दिवसाला १० पर्यंतच. त्यामुळे शिबिराला बीएलओलाच बोलवा, किंवा प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावरून ऑनलाइन भरा. पोचपावतीचा क्रमांक वहीत त्या घराच्या पानावर लिहा. तो नसेल तर पुढचा पाठपुरावा करता येत नाही.

शिबिराची वेळही विचार करून ठरवा. बायका दुपारी दोन ते चारमध्ये मोकळ्या असतात, कामगार रविवारी. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि रमजानच्या संध्याकाळी कुणी येणार नाही.

५. सात नंबरचा फॉर्म: पाळत ठेवा

नाव कमी करण्यासाठी फॉर्म ७ असतो. त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर आक्षेप घेऊ शकतो. मृत माणसाचं नाव काढायला तो हवाच, आणि ते काम तुम्ही स्वतःहून करा. यादीत मेलेली माणसं राहिली की बोगस मतदानाचा आरोप सगळ्या गल्लीवर येतो.

पण राहत्या माणसांवर असे अर्ज पडले तर? नोंदणी अधिकारी आलेल्या अर्जांच्या याद्या लावतात: फॉर्म ६ ची यादी नमुना ९ मध्ये, ७ ची नमुना १० मध्ये, ८ ची नमुना ११ मध्ये. नमुना १० दर आठवड्याला बघण्याचं काम एकाच माणसाकडे द्या आणि ते त्याच्याकडेच राहू द्या. तुमच्या भागातली पंधरा-वीस नावं एकाच आक्षेपकाच्या सहीने दिसली तर त्या घरांना लगेच कळवा.

नाव कापण्याआधी संबंधिताला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस आली की तारीख चुकवू नका. आधार, रेशन कार्ड, वीजबिल आणि दोन शेजारी घेऊन हजर राहा, शेजारी दुसऱ्या समाजाचे असतील तर आणखी चांगलं. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, आणि तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. अर्ज कन्नडमध्ये लिहा, हवं तर मराठी प्रत सोबत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

६. २००२ ची यादी शोधून ठेवा

कर्नाटकातली मतदार यादीची याआधीची सखोल फेरतपासणी २००२ मध्ये झाली. अशी फेरतपासणी पुन्हा होते तेव्हा त्या जुन्या यादीतलं स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव मोठा आधार ठरतं. प्रत्येक घराने आपलं पान शोधून छापून ठेवावं.

शोधताना लोक चुकतात ते मतदारसंघाच्या नावात. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण हे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून आले. २००२ मध्ये उचगाव, बागेवाडी, बेळगाव अशी नावं होती. तिकडे सदलगा आणि संकेश्वर हे वेगळे मतदारसंघ होते, आणि आजच्या सौंदत्तीला परसगड म्हणत. आजच्या नावाने शोधलं तर काहीच सापडत नाही आणि घरात घबराट पसरते. सुनेचं नाव माहेरच्या गावच्या जुन्या यादीत शोधायचं. माहेर महाराष्ट्रात असेल तर त्या राज्याची जुनी यादी बघावी लागते.

७. वॉर्ड सभा आणि आरक्षण

ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ही संस्था वेगळी आहे. तिची यादी विधानसभेच्या यादीवरून वॉर्डनिहाय फोडून केली जाते आणि त्या फोडण्यात अख्खी गल्ली शेजारच्या वॉर्डात जाऊन पडू शकते. वॉर्ड रचना आणि वॉर्डनिहाय प्रारूप यादी या दोन्हींवर हरकतीची मुदत थोडे दिवसच असते. नकाशात चतुःसीमा वाचा, प्रत्यक्ष गल्लीत चालत जाऊन जुळवा आणि लेखी हरकत द्या.

ग्रामपंचायतीत सुमारे ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य असतो, आणि निवडणूक पक्षचिन्हांशिवाय होते. विखुरलेल्या समाजासाठी हा सगळ्यांत जवळचा दरवाजा आहे. निम्म्या जागा महिलांच्या. मागासवर्गाचं राजकीय आरक्षण 'अ' आणि 'ब' अशा प्रवर्गांत असतं आणि मुस्लिम 'अ' मध्ये येतात. शिक्षण-नोकरीतला '२ब' प्रवर्ग वेगळा, आणि पिंजार-नदाफ, छप्परबंद यांसारखे समाज तिथे 'प्रवर्ग १' मध्ये आहेत. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि ऐन वेळी हातात चुकीचा दाखला असतो. निवडणुकीला कोणत्या नमुन्यातला दाखला लागतो ते निवडणूक अधिकाऱ्याकडून आधी विचारून घ्या आणि नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या स्थानिक महसूल कचेरीत) दोन महिने आधी अर्ज करा.

वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून निदान एकदा व्हायला हव्यात. तिथे मांडायची मागणी अशी लिहा: 'दफनभूमीकडे जाणारा २०० मीटर रस्ता, पावसाळ्यात बंद होतो, इतकी घरं वापरतात, सोबत फोटो.' 'समाजाकडे दुर्लक्ष होतं' या वाक्याची नोंद इतिवृत्तात होत नाही, रस्त्याची होते. सभा संपल्यावर पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, कन्नड किंवा इंग्रजीत. लांबलचक मराठी अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो.

सरकारी शाळेची विकास व देखरेख समिती आणि पंचायतीची सामाजिक न्याय समिती यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. उद्याचा उमेदवार इथेच तयार होतो. शाळा समितीवर दोन वर्षं काम केलेल्या बाईला गाव ओळखतं, तिला प्रचारात ओळख करून द्यावी लागत नाही.

८. पक्ष आणि उमेदवार

बेळगाव महानगरपालिकेच्या ५८ वॉर्डांची २०२१ ची निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली. त्याआधी मराठी एक बाजू आणि कन्नड-उर्दू दुसरी, अशी मांडणी चालायची. आता तिकीट कोणाकडून आणि कसं मिळतं यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून तरुणांनी आवडेल त्या पक्षात आधीपासून जावं, सभासद व्हावं, बूथ एजंट म्हणून रीतसर नेमणूक घ्यावी. सगळे एकाच पक्षात असले पाहिजेत असा हट्ट धरू नका. सीमाप्रश्नावरही घराघरांत वेगळी मतं आहेत आणि ती तशीच राहू द्यावीत. यादीच्या पथकाने त्यात बाजू घेतली तर अर्धी दारं बंद होतील.

उमेदवारांशी बोलताना बंद खोलीतली बैठक टाळा. सार्वजनिक हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांना बोलवा, सगळ्या गल्ल्यांना बोलवा आणि तेच पाच लेखी प्रश्न प्रत्येकाला विचारा. आचारसंहितेत अशा सभेला आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद.

'मोहल्ल्याची मतं मी देतो' असं सांगणारा माणूस प्रत्येक निवडणुकीत उभा राहतो. त्याला कुणी अधिकार दिलेला नसतो. तो सौदा करतो, पैसे त्याच्याकडे राहतात, आणि पुढची पाच वर्षं नगरसेवक म्हणतो, 'मी तुमचा हिशेब चुकता केलाय.' शिवाय मतासाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. तक्रार करायची तर सी-व्हिजिल ॲपवर फोटोसह करा. १०० मिनिटांत कारवाई करण्याची त्यात व्यवस्था आहे.

विधानसभेला अपक्ष म्हणून उभं राहायचं असेल तर मतदारसंघातले दहा सूचक, दहा हजार रुपये अनामत आणि फॉर्म २६ चं शपथपत्र लागतं. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तिथे 'निरंक' लिहा. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. हौसेने भरलेल्या चार अर्जांचा फायदा कुणाला होतो हे प्रत्येक गावाला माहीत आहे. पहिली लढत ग्रामपंचायतीची असू द्या.

९. मतदानाचा दिवस

आदल्या दिवशी प्रत्येक घरात भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पोचवा. मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नाही, ओळखपत्र किंवा आधार, पॅन, परवाना, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं कार्ड यांपैकी एक सोबत हवं. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना विधानसभा-लोकसभेला घरून मतदान करता येतं. त्यासाठी फॉर्म १२ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो.

बुरख्यातल्या बायकांची ओळख महिला कर्मचाऱ्याने आडोशाला पटवावी अशी तरतूद आहे. केंद्रावर अशी कर्मचारी असेल का हे चार दिवस आधी लेखी विचारा. ऐन रांगेत वाद झाला तर सगळी रांग थांबते, आणि त्याचा व्हिडिओ दुपारपर्यंत जिल्हाभर फिरतो. चेहरा दाखवायला घरातून तयारी असू द्या, हे बायकांशी बायकांनीच बोलावं.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा, तो तुमचा हक्क आहे. वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येतं. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने मतदारांना वाहनातून ने-आण करणं भ्रष्ट आचारात मोडतं. रिक्षा घरच्यांनी आपल्या पैशाने करावी.

पक्षाचा किंवा उमेदवाराचा मतदान एजंट म्हणून बसणाऱ्याने मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी, चाचणी मतदानाला, केंद्रावर असावं. संध्याकाळी फॉर्म १७सी ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नये.

१०. निकालानंतरचा महिना

फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. ती बघा, पण 'आमच्या बूथने दिली' म्हणून कुणाकडे वसुलीला जाऊ नका. वहीतून वेगळी यादी काढा: मतदानाला आले आणि नाव नव्हतं असे किती, चुकीच्या केंद्रावर गेलेले किती, बाहेरगावाहून येऊ न शकलेले किती. पहिल्या दोन गटांचे अर्ज पुढच्या पात्रता तारखेआधी भरा. निवडून आलेल्या सदस्याला, तुम्ही मत दिलेलं असो वा नसो, ते पाच लेखी प्रश्न त्याच्याच उत्तरांसह पाठवा आणि पुढच्या वॉर्ड सभेची तारीख विचारून घ्या.

वही ज्याच्याकडे असेल त्याने ती दुसऱ्या कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहावी, आणि वर्षातून एकदा पथकातला निदान एक माणूस बदलावा.